शालेय नर्सिंगकडे नेणाऱ्या वाटा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अकरा वर्षं लहान मुलांच्या वॉर्डात काढून मी शाळेत आले. तेव्हापासून इतर सिस्टर आणि ब्रदर मला प्रश्न पाठवतात. प्रश्न बरेचदा तेच असतात, पण विचारणारी व्यक्ती प्रत्येक वेळी वेगळ्या विभागातून येते, त्यामुळे उत्तरही थोडं बदलतं. इथे ते सगळे एकत्र केले आहेत. सुरुवातीला साधे प्रश्न आहेत, पुढे अडचणीचे. एकच गोष्ट दोनदा सांगणं टाळलं आहे. गरज असेल तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. शाळेतली नर्स म्हणजे गुडघा फुटला की पट्टी बांधणारी, एवढंच ना? त्यासाठी एवढी तयारी कशाला?

पट्टी रोज बांधावी लागते, हे खरं. पण दिवसाचा मोठा भाग वेगळ्याच कामांत जातो. टाइप १ मधुमेह असलेल्या मुलाची साखर जेवणाआधी तपासायची, इन्सुलिन बरोबर जातंय ना ते पाहायचं. दम्याच्या मुलांचे इन्हेलर आणि स्पेसर (इन्हेलरला जोडायची नळी) हाताशी आहेत ना, त्यांची मुदत संपली नाही ना, हे बघायचं. अपस्मार असलेल्या मुलाला वर्गात झटका आला तर कुणी काय करायचं, हे शिक्षकांकडून आधीच गिरवून घ्यायचं. नजर आणि ऐकणं तपासायचं, लसीकरणाच्या नोंदी ठेवायच्या, कांजिण्यांची साथ आली की कुणाला घरी ठेवायचं ते ठरवायचं. दीर्घ आजार असलेल्या प्रत्येक मुलासाठी पालक आणि डॉक्टरांशी बोलून वैयक्तिक आरोग्य आराखडा लिहायचा आणि दरवर्षी तो ताजा करायचा.

तयारी लागते ती एका कारणासाठी. वॉर्डात मूल आजारी म्हणूनच दाखल झालेलं असतं आणि केसपेपरवर निदान लिहिलेलं असतं. शाळेत शेकडो धडधाकट मुलांमधून आज खरोखर कोण आजारी आहे हे तुम्ही ओळखायचं असतं. तेही एकटीने. शेजारी डॉक्टर नसतात, लॅब नसते, "जरा हिला बघतेस का" असं म्हणायला दुसरी सिस्टर नसते.

२. शाळेत नर्स नेमण्याची पद्धत कधी सुरू झाली? पहिल्या नर्स कुठल्या कामातून आल्या?

लंडनमध्ये १८९० च्या दशकातच घरोघरी जाणाऱ्या नर्स शाळांमध्येही जाऊ लागल्या होत्या. पण या पेशाची गोष्ट सांगताना न्यूयॉर्कचं १९०२ हे वर्ष सांगावंच लागतं. तिथे डॉक्टर शाळा तपासत. खुपऱ्या, खरूज, नायटा किंवा उवा दिसल्या की मुलाला घरी पाठवत. पण घरी उपचार कसे करायचे हे आईबापांना कुणी सांगतच नसे. त्यामुळे मुलं आठवडेच्या आठवडे शाळेबाहेर राहत. हेन्री स्ट्रीट सेटलमेंट ही संस्था चालवणाऱ्या लिलियन वॉल्ड यांनी त्या ऑक्टोबरात आपल्याकडची एक नर्स महिनाभरासाठी प्रयोग म्हणून शाळांना दिली. त्या लीना रॉजर्स. चार शाळा त्यांच्याकडे होत्या. किरकोळ उपचार त्या शाळेतच करत आणि संध्याकाळी घरी जाऊन आईला औषध लावून दाखवत. प्रयोग यशस्वी ठरला आणि शहराने आणखी नर्स नेमल्या. वर्षभरात शाळेतून घरी पाठवल्या जाणाऱ्या मुलांची संख्या सुमारे ९० टक्क्यांनी घटली.

आपल्या प्रश्नाशी संबंध आहे तो त्यांच्या आधीच्या कामाचा. त्यांचं शिक्षण टोरांटोच्या मुलांच्या रुग्णालयात झालं होतं आणि त्यानंतर त्यांनी गरीब वस्तीत घरोघरी जाऊन काम केलं होतं. म्हणजे आजारी मूल त्यांना कळत होतं आणि ते मूल ज्या घरात परत जाणार तेही कळत होतं. आज शाळेकडे वळणाऱ्या बहुतेक नर्सकडे यातली एकच बाजू असते. तुमच्याकडे कोणती आहे ते ओळखून दुसरी कुठून मिळवायची, हाच खरा प्रश्न आहे. पुढची बरीचशी उत्तरं त्याभोवतीच फिरतात.

३. पात्रता नेमकी काय लागते?

सगळीकडे लागू पडेल असं एकच उत्तर नाही, आणि म्हणूनच एका देशातल्या मैत्रिणीचं ऐकून दुसऱ्या देशात अर्ज करू नका. काही उदाहरणं देते.

अमेरिकेत बहुतेक ठिकाणी आधी नोंदणीकृत नर्स असावं लागतं. त्यावर प्रत्येक राज्याची स्वतंत्र अट असते: कुठे पदवी हवी, कुठे शालेय नर्सचं वेगळं प्रमाणपत्र, कुठे यातलं काहीच नको. याशिवाय एक राष्ट्रीय प्रमाणपत्र परीक्षा आहे. ती ऐच्छिक आहे आणि आधी सुमारे १००० तास शाळेत काम झालेलं असावं अशी शिफारस आहे. म्हणजे ती पेशात येऊन थोडा काळ गेल्यावर द्यायची परीक्षा आहे. अजून शाळेत पाऊलही न टाकलेल्या मैत्रिणी तिची पुस्तकं घेऊन बसतात, म्हणून हे मुद्दाम सांगते.

ब्रिटनमध्ये नर्स म्हणून नोंदणी झाल्यावर सामुदायिक सार्वजनिक आरोग्याचा विशेष अभ्यासक्रम करता येतो आणि नोंदणीपुस्तकात त्यासाठी वेगळा विभाग आहे. हा अभ्यासक्रम न केलेल्या नर्सही शालेय आरोग्याच्या पथकात काम करतात, आणि अनेकींचा प्रवास तिथूनच सुरू होतो. फ्रान्समध्ये सरकारी शाळांतल्या नर्सची भरती स्पर्धा परीक्षेतून होते. जपानमध्ये हे काम करणारी व्यक्ती मुळात शिक्षक मानली जाते आणि तिला शिक्षकाचा परवाना लागतो, नुसती नर्सची नोंदणी पुरत नाही. भारतात खासगी आणि निवासी शाळा थेट नर्स नेमतात. शिवाय २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात फिरती पथकं शाळा आणि अंगणवाड्यांमध्ये मुलं तपासतात आणि त्या पथकांत नर्सचं पद असतं.

जवळजवळ सगळीकडे समान असलेल्या गोष्टी तीन: चालू नोंदणी, जीवरक्षक प्राथमिक उपचारांचं मुदतीतलं प्रमाणपत्र आणि मुलांसोबत काम करण्यासाठी पोलीस पडताळणी. तिसरीला वेळ लागतो. ती आधी सुरू करा.

४. मी बालरोग वॉर्डात आहे. माझी वाट सगळ्यात सोपी, हो ना?

अर्धी सोपी. मुलाशी बोलायचं कसं, वजनावरून डोस कसा काढायचा, श्वास घेताना बरगड्यांमध्ये खळगा पडतोय का हे दारातूनच कसं ओळखायचं, हे तुम्हाला येतं. दुसरीकडून येणाऱ्यांना ते शिकायला वर्षं लागतात.

पण वॉर्डात आपण एका गोष्टीला इतके सरावतो की ती आहे हे लक्षातही येत नाही. तिथे आई किंवा बाप खाटेशी बसलेला असतो. शाळेत मूल एकटं असतं. "कधीपासून दुखतंय", "काल काय झालं", "औषध कोणतं चालू आहे" यातलं सहा वर्षांच्या मुलाला काहीही नीट सांगता येत नाही आणि पालक फोन उचलत नाहीत. पहिले काही महिने मला याचाच सगळ्यात जास्त त्रास झाला.

दुसरी अडचण किशोरवयीन मुलांची. बालरोग वॉर्डात लहानग्यांची गर्दी जास्त असते. शाळेत मात्र चौदा-पंधरा वर्षांची मुलगी पाळीच्या दुखण्याने येते, मुलगा हातावरचे व्रण बाहीखाली लपवून येतो. शाळेकडे वळायचं ठरवलं असेल तर उरलेल्या काळात किशोरवयीन मुलांच्या ओपीडीत किंवा मधुमेह आणि दम्याच्या क्लिनिकमध्ये ड्युटी मागून घ्या. तिथे मूल चालत येतं, बोलतं, आणि आजार घेऊनच शाळेत परत जातं. शाळेत तुम्हाला भेटणार आहे ते हेच मूल.

५. कॅज्युअल्टी आणि आयसीयूमध्ये आठ वर्षं झाली. शाळेत हा अनुभव वाया जाईल का?

मुळीच नाही. ट्रायज, म्हणजे कुणाकडे आधी बघायचं हे ठरवणं, हा शालेय नर्सच्या दिवसाचा कणा आहे. मधल्या सुट्टीत दाराशी नऊ मुलं उभी राहतात. त्यातली सात बसून राहिली तरी चालतात, एकाला पालकांकडे पाठवायचं असतं आणि एकाकडे आत्ता, याच क्षणी बघायचं असतं. कॅज्युअल्टीतून आलेल्यांची नजर इथे इतरांपेक्षा तीक्ष्ण असते. पुरळ उठलेल्या मुलाचा आवाज घोगरा झाला, त्याला उलटी झाली, की ही तीव्र ॲलर्जी आहे आणि मांडीत ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन द्यायला थांबायचं नाही, हे त्यांना सांगावं लागत नाही.

शिकावं लागतं ते वेगळंच. आयसीयूत सगळं मोजता येतं आणि मॉनिटर बोलतो. शाळेत थर्मामीटर, बीपीचं यंत्र, पल्स ऑक्सिमीटर आणि ग्लुकोमीटर, बहुधा एवढंच. बाकी हात आणि डोळे. शिवाय कॅज्युअल्टीत रुग्ण पुढे गेला की तो आपला राहत नाही, आणि शाळेत तेच मूल दर मंगळवारी तिसऱ्या तासाला पोटात दुखतं म्हणून येतं. पोट तपासून झालं, काही सापडलं नाही, परत पाठवलं, असं सहा वेळा झालं की तुमचं काम खऱ्या अर्थाने सुरू होतं. तिसरा तास कशाचा आहे? वर्गात कोण शेजारी बसतं? सकाळी काही खाल्लं होतं का? तातडीच्या विभागातून आलेल्या नर्सना हा धीर धरणं जड जातं. माझ्या ओळखीच्या एक-दोघी याच कारणाने वर्षभरात परत गेल्या, आणि त्यात काही चुकीचं नाही. पण ज्यांनी धीर धरला त्या आज मला माहीत असलेल्या उत्तम शालेय नर्सपैकी आहेत.

६. मी सार्वजनिक आरोग्य विभागात घरोघरी जाऊन काम करते. हॉस्पिटलचा अनुभव थोडाच आहे. मला घेतील?

माझ्या मते ही सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात योग्य वाट आहे. लसीकरणाचं वेळापत्रक तुम्हाला पाठ आहे, साथीचा माग काढता येतो, दारात उभं राहून नाराज पालकाशी बोलता येतं. शाळेचं कामही मुळात लोकसंख्येचं काम आहे: आठशे मुलांपैकी किती जणांना फळा दिसत नाही, हा प्रश्न तुम्हाला नैसर्गिकपणे सुचेल, वॉर्डातून आलेल्या नर्सला तो शिकावा लागतो.

कमतरता असेल ती तातडीच्या प्रसंगांत हात न थरथरण्याची. त्यासाठी वर्षभर वॉर्डात जायलाच हवं असं नाही. बालकांच्या जीवरक्षक उपचारांचा पुढच्या पातळीचा कोर्स करा, आणि शक्य असेल तर काही आठवडे मुलांच्या तातडीच्या विभागात घालवा. इन्सुलिन पेन, इन्सुलिन पंप, सतत साखर मोजणारं सेन्सर, पोटात बसवलेल्या नळीतून दिलं जाणारं अन्न, या गोष्टी हातात घेऊन बघा. आज त्या साध्या शाळेतही दिसतात.

७. मानसोपचार विभागातल्या नर्सला शाळेत जागा आहे का?

आहे, आणि दरवर्षी ती वाढते आहे. परीक्षेच्या दिवसांत श्वास अडकल्यासारखं वाटतं म्हणून येणारी मुलं, शाळेत यायलाच नकार देणारी मुलं, खाणं बंद केलेल्या मुली, स्वतःला इजा करून घेणारी मुलं, यांच्यासमोर शांत बसून ऐकणं हे तुमचं रोजचं काम होतं. पण इथे एक गोष्ट आवर्जून लक्षात ठेवा. छातीत धडधडतंय म्हणून आलेल्या प्रत्येक मुलाचं कारण मनात नसतं. आधी नाडी, श्वास, साखर. दमा आणि घाबरणं बाहेरून एकसारखं दिसू शकतं. आणि शाळेत समुपदेशक असेल तर तुमची हद्द आणि त्यांची हद्द पहिल्याच आठवड्यात दोघांनी बसून ठरवून घ्या.

८. मी नुकतीच पास झाले. थेट शाळेत रुजू होऊ का?

कायद्याने अनेक ठिकाणी होता येतं. मी मात्र आधी किमान एक-दोन वर्षं हॉस्पिटलमध्ये काढायला सांगते. वॉर्डात तुमची चूक दुसरं कुणीतरी पकडतं: सीनियर सिस्टर, रेसिडेंट डॉक्टर, फार्मासिस्ट. शाळेत कुणीच पकडत नाही. मुख्याध्यापक चांगले असले तरी तुमचा निर्णय बरोबर आहे की नाही हे त्यांना कळत नाही. ते विश्वास ठेवतात, आणि तो विश्वास नवख्या नर्ससाठी धोक्याचा असतो.

अपवाद एक. ज्या संस्थेत अनेक शाळांसाठी नर्सचं पथक आहे, वर अनुभवी प्रमुख आहे आणि सुरुवातीचे काही महिने तुम्ही कुणाच्या तरी सोबत काम करणार आहात, तिथे जा. मुलाखतीत हे स्पष्ट विचारा: "पहिल्या तीन महिन्यांत अडचण आली तर मी कुणाला फोन करायचा?" नाव सांगितलं तर ठीक.

९. माझा सगळा अनुभव मोठ्यांच्या वॉर्डातला, शेवटची पाच वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये (ओटीत). उशीर झालाय का?

उशीर झालेला नाही. एक पायरी मात्र मध्ये ठेवा. ओटीतली शिस्त, नोंदी, साहित्याची मोजदाद, हे सगळं शाळेत उपयोगी पडतं, पण जागं, रडणारं, खोटं बोलणारं मूल ओटीत भेटत नाही. सहा महिने ते वर्षभर बालरोग ओपीडी, लसीकरण केंद्र किंवा एखाद्या बालरोगतज्ज्ञांचा दवाखाना, यातलं काहीही चालेल. तिथे मुलांची वाढ, तापातली झटक्याची शक्यता, वयानुसार नाडी आणि श्वासाचे आकडे यांचा हात बसतो. दोन वर्षांच्या आणि बारा वर्षांच्या मुलाची नॉर्मल नाडी वेगवेगळी असते हे पुस्तकात सगळ्यांनी वाचलेलं असतं. बोटांना ते कळायला रोज मुलं तपासावी लागतात.

१०. नोकरी सोडण्याआधी हे काम मला जमेल का हे कसं समजेल?

बदली नर्स म्हणून सुरुवात करा. अनेक शाळांना नेहमीची नर्स रजेवर गेली की माणूस लागतो. शाळेची सहल, क्रीडा स्पर्धा, मुलांची उन्हाळी शिबिरं, यांनाही सोबत नर्स हवी असते. मधुमेह असलेल्या मुलांसाठी खास शिबिरं भरतात तिथे स्वयंसेवक म्हणून गेलात तर चार दिवसांत वॉर्डातल्या चार महिन्यांइतकं शिकून याल. एक सूचना: बदलीच्या पहिल्याच दिवशी ज्या मुलांना जीवघेणा आजार किंवा ॲलर्जी आहे त्यांची यादी मागा. यादीच नाही असं उत्तर आलं तर त्या शाळेबद्दल तुम्हाला बरंच कळलं.

११. मुलाखतीत काय विचारतात?

प्रमाणपत्रांबद्दल थोडं, प्रसंगांबद्दल जास्त. हमखास येणारा प्रसंग: एका मुलाच्या नाकातून रक्त येतंय, शिक्षिका घाबरली आहे, आणि त्याच वेळी दुसऱ्या वर्गातून निरोप येतो की मधुमेहाचा मुलगा गप्प झालाय, घामाघूम झालाय, आणि त्याला तुमच्याकडे पाठवत आहोत. पॅनेलला ऐकायचं असतं ते हे, की साखर खाली आलेल्या मुलाला कधीही एकट्याने चालत पाठवायचं नाही, आणि तुमच्यापर्यंत येईपर्यंत थांबायचंही नाही. तो शुद्धीवर असेल, गिळू शकत असेल तर तिथेच ग्लुकोज द्यायचं, सुमारे १५ ग्रॅम, आणि १५ मिनिटांनी पुन्हा साखर बघायची. पहिल्या मुलाला पुढे वाकवून त्याचं नाक दाबून धरायला शिक्षिकेला सांगून तुम्ही त्या वर्गाकडे निघायचं.

दुसरा आवडता प्रश्न असतो, "शिक्षक तुमचं ऐकले नाहीत तर?" वॉर्डातून आलेल्या नर्स इथे "वरिष्ठांना कळवेन" म्हणतात. तेही बरोबर आहे, पण शिक्षकाला वर्गात जाऊन पाच मिनिटांत काय समजावून सांगाल ते बोलून दाखवा. शाळेत तुमचं अर्धं काम शिकवण्याचं असतं.

१२. पगार कमी असतो हे खरं का?

बहुतेक ठिकाणी खरं. नाइट आणि जादा तासांचे भत्ते जातात, आणि काही देशांत सुट्टीच्या महिन्यांचा पगार मिळत नाही किंवा वर्षभरात विभागून मिळतो. त्याबदल्यात रात्र आपली होते, सण घरी होतात. नेमणूक शिक्षकांच्या वेतनश्रेणीत आहे की वेगळ्या कर्मचारी श्रेणीत, हे सही करण्याआधी लेखी विचारा. पुढच्या वीस वर्षांचा फरक त्यात असतो. सुट्टीत वॉर्डात जादा ड्युटी करणाऱ्याही अनेकजणी आहेत (प्रश्न १५ पाहा).

१३. मुलं लहान होती म्हणून आठ वर्षं घरी होते. परत येताना शाळा बरी पडेल का?

वेळेच्या दृष्टीने पडेल, पण सोपं काम म्हणून इकडे येऊ नका. आधी नोंदणी चालू करून घ्या, लागत असेल तर पुनःप्रवेशाचा अभ्यासक्रम करा, आणि मगच अर्ज करा. खंडाच्या काळात बदललेल्या गोष्टींमध्ये पुनरुज्जीवनाचे (सीपीआरचे) नियम, इन्सुलिनची साधनं आणि डोक्याला मार लागल्यानंतरचे नियम नीट वाचा. पूर्वी मूल पाच मिनिटांत सावरलं की खेळायला सोडत. आता मेंदूला हादरा बसल्याची शंका असेल तर त्या दिवशी मैदानात परत जायचं नाही, हा सर्वमान्य नियम आहे. उरलेल्या उणिवेसाठी प्रश्न ९ मधली मधली पायरी तुम्हालाही लागू आहे.

१४. मी पुरुष नर्स आहे. शाळा घेतात का?

घेतात. निवासी शाळा आणि किशोरवयीन मुलांच्या शाळा तर आवर्जून घेतात, कारण त्या वयाचे मुलगे काही गोष्टी ब्रदरशीच बोलतात. मुलींच्या तपासणीच्या वेळी दुसरी प्रौढ स्त्री खोलीत असण्याचा नियम तुम्ही स्वतः मांडा आणि लिहून घ्या. असाच नियम मुलग्यांसाठी आम्ही सिस्टरनीही पाळायला हवा.

१५. शाळेत गेले की माझे हात गंजतील. पुन्हा हॉस्पिटलमध्ये जाता येईल का?

काही कौशल्यं नक्की मागे पडतात. शिरेत सुई घालणं, व्हेंटिलेटर, गुंतागुंतीची औषधं यांचा सराव शाळेत राहत नाही. परत जायचं मनात असेल तर महिन्यातून एक-दोन ड्युट्या कुठेतरी धरून ठेवा. पण परत जाणं हाच एक पुढचा रस्ता नाही. शालेय आरोग्याच्या पथकाचं प्रमुखपद, नर्सिंग कॉलेजात समुदाय आरोग्य शिकवणं, मधुमेह किंवा दमा शिक्षिका होणं, किशोर आरोग्याच्या कार्यक्रमांचं नियोजन, या सगळ्या वाटा शाळेतून निघतात.

१६. विशेष मुलांच्या किंवा निवासी शाळेसाठी वेगळी तयारी हवी का?

हवी, आणि दोन्हींची वेगळी. विशेष गरजा असलेल्या मुलांच्या शाळेत नळीतून अन्न, श्वासनलिकेला केलेल्या छिद्राची काळजी, लघवीची नळी, वारंवार येणारे झटके ही रोजची कामं असतात. बालरोग आयसीयूतून येणाऱ्यांनी साधी शाळा निवडण्याआधी इकडे नक्की बघावं. त्यांचं कौशल्य इथे पूर्ण वापरलं जातं. झटका पाच मिनिटांहून लांबला की तातडीचं औषध आणि रुग्णवाहिका, हे इथे नुसतं भिंतीवरच्या तक्त्यावर राहत नाही, आठवड्यातून एकदा अनुभवावं लागतं.

निवासी शाळेत तुम्ही दिवसा नर्स आणि रात्री घरातलं मोठं माणूस असता. सुट्टी, राहण्याची जागा, रात्री कोण उठणार, हे करारात हवं.

१७. माझं मूल ज्या शाळेत आहे तिथेच जागा निघाली आहे. अर्ज करू का?

करा, पण दोन गोष्टी मुख्याध्यापकांशी आधी बोलून घ्या. तुमच्या मुलाला काही झालं तर निर्णय दुसरं कुणीतरी घेईल. आईला स्वतःच्या मुलाचं ट्रायज नीट करता येत नाही, मलाही आलं नाही. आणि तुमच्या मुलाच्या मित्रांबद्दल खोलीत कळलेलं घरी जेवताना येता कामा नये. शाळेत हे पथ्य वॉर्डापेक्षा अवघड आहे, कारण संध्याकाळी तुम्ही त्याच मुलाच्या आईला फाटकाशी भेटता. नोंदींची गुप्तता कोणत्या कायद्याखाली येते तेही वाचून ठेवा. अमेरिकेत सरकारी शाळेतल्या आरोग्य नोंदी बहुधा शैक्षणिक नोंदींच्या कायद्याखाली येतात, हॉस्पिटलच्या कायद्याखाली नाही, आणि कोणाला काय दाखवता येतं ते त्यामुळे बदलतं.

१८. डॉक्टरांची चिठ्ठी नसताना "एक गोळी द्या की" असं शिक्षक किंवा पालक म्हणतात. अशा वेळी काय करायचं?

शाळेचं लेखी औषध धोरण मागा. नसेल तर पहिल्या महिन्यात ते लिहायला लावा. वॉर्डात ऑर्डर शीट असतं, त्यामुळे हा प्रश्न आपल्याला कधी पडलेलाच नसतो. शाळेत मात्र चिठ्ठी, पालकांची सही, मूळ वेष्टनातलं औषध आणि त्यावरचं मुलाचं नाव, या चार गोष्टी नसतील तर नाही म्हणायला लागतं, समोर कितीही जवळचं माणूस असलं तरी.

तातडीची औषधं हा वेगळा विषय. नाव न लावलेलं ॲड्रेनॅलिन किंवा इन्हेलर शाळेने जवळ ठेवायचं की नाही, हे त्या त्या ठिकाणचा कायदा ठरवतो. ब्रिटनमध्ये शाळांना इन्हेलर २०१४ पासून आणि ॲड्रेनॅलिनची स्वयंचलित इंजेक्शनं २०१७ पासून चिठ्ठीशिवाय घेता येतात. तुमच्याकडे काय चालतं हे रुजू होण्याआधी माहीत करून घ्या.

१९. एकटीकडे चार शाळा दिल्या आहेत. बाकीच्या तीन शाळांत मी नसते तेव्हा काय?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतो. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये प्रत्येक शाळेत किमान एक पूर्णवेळ नोंदणीकृत नर्स असावी अशी शिफारस केली. प्रत्यक्षात अनेक देशांत एकाच नर्सकडे अनेक शाळा असतात. तेव्हा तुमचं काम इतरांना तयार करण्याचं होतं. पण काय सोपवायचं आणि काय नाही हे नर्स म्हणून तुम्ही ठरवायचं, मुख्याध्यापकांनी नाही. ठरलेला इन्हेलर देणं, ॲड्रेनॅलिनचं पेन मांडीत टोचणं, झटक्यात मुलाला कुशीवर वळवून वेळ मोजणं, हे शिक्षकांना शिकवता येतं. मूल आजारी आहे की नाही याचं मूल्यमापन सोपवता येत नाही. कुणाला काय शिकवलं, त्यांनी ते करून दाखवलं का, तारीख काय, हे लिहून ठेवा.

एक प्रसंग सांगते. माझ्याकडे दोन शाळा होत्या तेव्हाचा. मी दुसऱ्या शाळेत असताना पहिल्या शाळेतल्या एका मुलाला दम्याचा झटका आला. इन्हेलर होता, पण कपाटात कुलूपबंद होता आणि किल्ली ज्यांच्याकडे होती ते बाहेर गेले होते. मूल वाचलं, कारण खेळाच्या शिक्षकांनी कपाटाचं दार उचकटलं. कपाटाला कुलूप लावण्याची सूचना माझीच होती. वॉर्डात औषधं कुलपात ठेवायची असतात, तीच सवय मी इकडे आणली होती. आता माझ्याकडच्या प्रत्येक शाळेत तातडीची औषधं उघड्या, ठळक खूण असलेल्या पेटीत असतात. नव्या शाळेत गेले की पहिल्या दिवशी मी सफाई करणाऱ्या मावशींपासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळ्यांना विचारते, "ती पेटी कुठे आहे?" उत्तर द्यायला कुणाला विचार करावा लागला, तर ती पेटी मी त्याच दिवशी दुसरीकडे हलवते.